साडूंचा एकमेव यशस्वी विरोध

आमच्या साडूंइतका सज्जन विरोधक अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, हे मी भर कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. अमरावतीच्या कोर्टात माझी हयात गेली. विरोध हा माझ्या पोटापाण्याचा धंदाच आहे म्हणा ना. पण मी विरोध करतो तो कुणीतरी वकीलपत्र दिलेलं असतं म्हणून. साडूंना कुणी काही दिलेलं नसतं. घरची बोलणी खाऊन, पदरचं तिकीट काढून, एसटीत उभं राहून हा गृहस्थ विरोध करायला जातो आणि ज्याला विरोध केला त्याच्याच स्कूटरवर मागे बसून परत येतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याच्या एका कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहतात. मी त्यांना दादा म्हणतो, बाकी सारं अकोला सर म्हणतं. माणसांची नावं ते विसरतात, झाडांची विसरत नाहीत, आणि तोडलेल्या झाडांची तर मुळीच नाही. नवख्या माणसानं घराचा पत्ता विचारला की सांगतात, "पूल ओलांडला की मोठी चिंच लागेल, तिथून डावीकडे वळा. पुढे कडुनिंबाची जोडी आहे, त्यातल्या दुसऱ्याच्या समोर." यातली चिंच रस्ता रुंद करताना गेली आणि कडुनिंबांच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. माझ्या मुलीच्या सासरची मंडळी एकदा या पत्त्यावर निघाली ती भर उन्हात चिंच शोधत फिरली. मी फोनवर म्हटलं, "दादा, अहो ती चिंच जाऊन जमाना झाला." तर शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे. तोडली तेव्हा मी विरोध नोंदवला होता. आता पत्ता बदलला तर तोडणं मान्य केल्यासारखं होईल." यावर वकील काय बोलणार, कपाळ?

दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं विकायला येतात, हे त्यांचं जुनं दुखणं. एका दसऱ्याला ते फुलवाल्या बाईंच्या टोपल्यापाशी सकाळपासून उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पान उलटंपालटं करून दाखवू लागले, की बघा, हा कांचन, आपटा नव्हे. बाई बिचाऱ्या पानांवर पाणी शिंपडत राहिल्या. शेवटी हात जोडून म्हणाल्या, "सर, आज वरसाचा सन हाय. आज घरी जा ना बाप्पा. उद्या या, दिवसभर शिकवा मले." साडूंना हे वाजवी वाटलं. ते दुसऱ्या दिवशी खरोखर गेले आणि खरोखर शिकवून आले. पुढच्या दसऱ्याला बाई स्वतःच गिऱ्हाइकाला सांगू लागल्या, "हे कांचन हाय बरं, आपटा नाई. सरांनं सांगतलं. घ्याचं तं घ्या." माल होता तितकाच खपला. पण साडू खूश होते, कारण खोटं कुणी बोललं नव्हतं.

अकोल्यात राहून कूलरला विरोध करणारा माणूसही तुम्ही पाहिला नसेल. अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तशात यांचं म्हणणं, टँकरनं पाणी आणून ते हवेत उडवायचं हे काही बरोबर नाही. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, काही वर्षं ऐकून घेतलं. मग एका मे महिन्यात हे चिखलदऱ्याला वनस्पती गोळा करायला गेले असताना त्यांनी बैठकीत भला मोठा कूलर आणून बसवला. साडू परत आले, कूलरभोवती एक फेरी मारली, ताईंना म्हणाले, "माझा विरोध आहे." ताई म्हणाल्या, "असू द्या. तिकडं बसा." तेव्हापासून ते कूलरच्या ऐन झोतात बसतात, पण पाठ करून. तोंड कूलरकडे कधी करत नाहीत. पाठीला गार लागतं त्याला त्यांचा इलाज नाही.

या सगळ्यात त्यांचा एक नियम मात्र लोखंडी. कुणाच्याही माघारी त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही. आधी त्याला जाऊन सांगायचं, आपण काय म्हणणार आहोत ते दाखवायचं, त्यात काही चूक असेल तर त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायची आणि मग विरोध करायचा. ही सवय परीक्षेतली. प्रात्यक्षिकाच्या वेळी ते पोराला समोर उभं करून सांगत, "खोडाचा छेद जाड झालाय, तुझे दोन मार्क कापतोय. मान्य आहे?" पोरगं म्हणायचं, "नाई सर, एक कापा." मग त्यावर चर्चा. नागपूरहून आलेल्या परीक्षकाची गाडी बडनेऱ्याला निघून जायची आणि इकडे यांची एका मार्कावर वाटाघाट चाललेली असायची.

आणि इतकं करून निकाल? शून्य. साडूंचा कुठलाही विरोध कधीही यशस्वी झालेला नव्हता. नदीकाठी सिमेंटची बाकं बसवायला विरोध केला, बाकं बसली. कॉलेजच्या मागची झाडी तोडायला विरोध केला, तिथं आज वाहनतळ आहे. चिखलदऱ्याच्या दरीपाशी उभं राहून स्वतःचं नाव ओरडणाऱ्या पर्यटकांना ते एकदा नम्रपणे म्हणाले, "हळू बोला, वरती घरटी आहेत," तर त्या मंडळींनी सर्वांनी मिळून यांचं नाव विचारून घेतलं आणि तेही दरीत ओरडलं. मी कधी चिडवलं की म्हणत, "वकीलसाहेब, निकाल आपल्या हातात नाही. विरोध नोंदवला गेला ना, मग झालं." आणि खुशाल झोपी जात. हरण्याची इतकी छान सवय मी कुठल्याच अशिलात पाहिली नाही.

त्या सिमेंटच्या बाकावर मात्र ते रोज संध्याकाळी बसत, आणि शेजारी बसत गिट्टीवाले भाऊसाहेब. हे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. एक झाडांकडे गेला, दुसरा दगडांकडे. भाऊसाहेब दहावीला आपटले, ट्रॅक्टरवर मुरूम वाहता वाहता खदानीचे मालक झाले, आणि आज अर्ध्या जिल्ह्याचे रस्ते त्यांच्या गिट्टीवर आहेत. अंगापिंडानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. साडू त्यांच्या क्रशरवर महिन्यातून एकदा पाण्याचा पाइप घेऊन जात आणि तिथल्या कडुनिंबांच्या पानांवरची पांढरी धूळ धुऊन काढत. भाऊसाहेब खुर्ची टाकून बघत बसत आणि म्हणत, "धू लेका. सांजेपर्यंत आणिक बसते." या दोघांची ही अशी दोस्ती होती.

आणि एक गोष्ट सांगितली नाही तर भाऊसाहेबांवर अन्याय होईल. ताईंच्या हृदयाचं दुखणं एका वैशाखात उपटलं. दुपारची वेळ, ॲम्ब्युलन्स मिळेना, साडू नुसते दारात उभे. तेव्हा या माणसानं ताईंना उचलून स्वतःच्या गाडीत घातलं आणि नागपूरपर्यंत स्वतः गाडी हाणली. ताई बऱ्या होईपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून राहिला. आमच्या घरात भाऊसाहेबांचं नाव निघालं की आजही आवाज जरा खाली येतो.

तर अशा या भाऊसाहेबांना सरकारनं पर्यावरणाच्या एका प्राधिकरणाचं अध्यक्ष करायचं ठरवलं. त्या प्राधिकरणाचं नाव इतकं लांब होतं की मला कधी पाठ झालं नाही. काम मात्र सोपं होतं, कुठला डोंगर फोडू द्यायचा नि कुठला नाही ते ठरवायचं. चौकाचौकात भाऊसाहेबांचे फ्लेक्स लागले, हातात रोपटं, डोक्याला फेटा. नेमणूक अजून कागदावर उतरायची होती, पण अभिनंदन सुरू झालं होतं. आणि अमरावती-अकोल्याचे सगळे प्राध्यापक खवळले.

त्यांची सभा माझ्या अमरावतीच्या घरी भरली, कारण कुठलंच कॉलेज सभागृह द्यायला तयार होईना. मी कोर्टात भांडणं पुष्कळ पाहिली, पण एकाच बाजूची माणसं आपसात इतकी भांडताना पाहिली नव्हती. पत्रकात 'निषेध' म्हणावं की 'खेद', यात दुपार गेली. एक अर्थशास्त्राचे सर म्हणाले, निषेध म्हटलं तर पेन्शनीचे कागद अडकतील. मग 'चिंता' ठरली, आणि बऱ्याच विचारानंतर 'तीव्र चिंता'. पुढे सहीचा प्रश्न. आधी कुणी करायची, वयानं की नोकरीच्या ज्येष्ठतेनं? दोन विभागप्रमुख एकमेकांच्या खाली सही करायला तयार नव्हते. आमच्या हिनं सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, आणली तेव्हा कुठे सभेत पहिल्यांदा एकमत दिसलं.

साडू कोपऱ्यात गप्प बसले होते. पत्रक लिहायला तेच हवे होते, कारण चारोळीच्या टेकडीबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. भाऊसाहेबांची सगळ्यात मोठी खदान त्याच टेकडीत, आणि साडूंनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्याच टेकडीवर झाडं ओळखायला नेलेल्या. त्यांनी लिहिलंही, तिथल्या तिथे, सुंदर अक्षरात. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सोमवारी देतो. आधी त्याला दाखवून आणतो."

सभा गारच झाली. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "अहो सर, पेपर फुटायचा की हा." साडू म्हणाले, "लेखी परीक्षा नाही ही, तोंडी आहे." आणि माझ्याकडे वळून, "वकीलसाहेब, तुम्ही येता का बरोबर? कायद्याचं काही चुकलं असेल तर कळेल."

मी रविवारी अकोल्याला पोचलो तर घरात अबोला. ताईंनी मला पाणी दिलं आणि साडूंना ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगितलं, "पाहा बरं तुमीच. ज्या मानसानं मले मरनाच्या दारातून आनलं, त्याच्यावर हे कागद लिवून राहिले. मी त्याच्या बायकोले तोंड कसं दाखवू?" साडू कूलरकडे पाठ करून बसले होते. म्हणाले, "त्यानं तुला वाचवलं, त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण म्हणून टेकड्यांचा राखणदार त्याला कसा होऊ देऊ? तो फोडल्याशिवाय राहणार नाही. मला माहीत आहे, माझा मित्र आहे तो." ताईंनी डोळ्याला पदर लावला. साडूंचाही चेहरा इतका उतरला होता की मला वाटलं, आता कागद फाडतील. पण त्यांनी चपला घातल्या.

भाऊसाहेबांनी आम्हाला झोपाळ्यावर बसवलं, चष्मा नाकावर चढवला आणि पत्रक मोठ्यानं वाचायला घेतलं. दुसऱ्याच ओळीला थांबले.

"हे काय लिवलं बे मास्तर? 'टेकडीचा काही भाग'? काही भाग कायले? अख्खी टेकडी खाल्ली म्या. पायथ्यापासून. काही भाग लिवशीन तं लोक म्हनतीन याच्या मशीनीत दम नाई."

साडूंनी पेन काढलं. "म्हणजे संपूर्ण टेकडी लिहू?"

"लिव. अन् हे, 'परवान्याची मुदत संपत आली आहे'. संपत कुठली येते? संपून जमाना झाला."

मी खाली पायानं भाऊसाहेबांना ढोसलं. म्हटलं, "भाऊसाहेब, असं बोलू नका. मी वकील आहे."

"कोनाचे?"

"सध्या कुणाचाच नाही."

"मंग बसा चुपचाप," ते म्हणाले आणि पुढे वाचू लागले. शेवटपर्यंत वाचलं, मोठ्या मनानं दुरुस्त्या केल्या. खरं सांगतो, माणूस स्वतःची बढती खोडून काढतोय हे मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. त्यांचा हिशेब सरळ होता. मास्तरच्या विरोधानं आजवर काय अडलं, की आता अडेल?

वाचून झाल्यावर चष्मा काढून त्यांनी साडूंकडे पाहिलं. "तू सही करून राहिला का यावर?"

"पहिली माझीच."

भाऊसाहेबांनी कागद घडी करून साडूंच्या हातात दिला. मग पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "पैशासाठी नाई पायजे मले हे, तुले मालूम हाय. जनम गेला, लोक गिट्टीवाला म्हनतात. तुले सारे सर म्हनतात. मले एक बार अध्यक्ष म्हनू दे ना यार."

साडूंनी पेन खिशात ठेवलं. "तू दुसरं काहीही हो," ते म्हणाले. "आमदार हो. मी घरोघर प्रचाराला फिरेन. पण हे नको रे."

"बरं," भाऊसाहेब म्हणाले. "मंग जेवून जा. पाटवडी केली हाय." आणि त्यांनी आम्हाला आग्रह करकरून वाढलं.

सोमवारी पत्रक गेलं. प्राध्यापकांच्या आजवरच्या पत्रकांना मोघमपणाचा शाप असतो, 'असे समजते', 'असे बोलले जाते'. या पत्रकात एक शब्द मोघम नव्हता. खुद्द मालकानं तपासून दिलेलं ते. वर्तमानपत्रांनी छापलं, टेकडीवर जाऊन फोटो काढले, मुदत संपलेल्या परवान्याबद्दल वरती प्रश्न विचारले गेले, आणि एका सकाळी बातमी आली की नेमणूक रद्द. चौकातले फ्लेक्स उतरले. साडू जिंकले होते.

प्राध्यापकांना आनंद आवरेना. त्यांनी शाल-श्रीफळ घेऊन अकोला गाठलं. साडूंनी विरोध केला, पण त्यांचा तो विरोध नेहमीप्रमाणे अयशस्वी झाला आणि सत्कार पार पडला. मंडळी गेल्यावर ते शाल मांडीवर घेऊन बसून राहिले. मला म्हणाले, "वकीलसाहेब, जिंकल्यावर काय करतात हो?"

मी म्हटलं, "घरी जाऊन जेवतात, दादा."

"आणि समोरचा?"

कोर्टात समोरच्याचं काय होतं ते बघायला मी कधी थांबलो नव्हतो.

त्या संध्याकाळपासून बाकावर साडू एकटे. भाऊसाहेब भांडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. नुसते यायचे बंद झाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं साडू म्हणत. ताईंनी एक दिवस न राहवून भाऊसाहेबांच्या घरी सांबारवडीचा डबा पाठवला. आमच्याकडे कुणाचा डबा कधी रिकामा परत जात नाही, काही नाही तर दोन लिंबं तरी घालतात. तो डबा घासून पुसून रिकामा आला. ताई ओट्याशी डबा हातात धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या आणि साडू दारातून ते पाहत होते. खरं सांगायचं तर मला त्या वेळी ती टेकडी, ते प्राधिकरण आणि सगळ्या प्राध्यापकांचा मनस्वी राग आला.

मग साडूंनी दर रविवारी भाऊसाहेबांच्या घरी जायला सुरुवात केली. फाटकाशी गडी सांगायचा, साहेब घरी नाहीत. साडू म्हणायचे, बरं, येऊन गेलो म्हणून सांगा. गाडी पोर्चमध्ये असायची, आतून टीव्हीवरच्या कुस्त्या आणि भाऊसाहेबांचा खोकला ऐकू यायचा. जन्मभर कुणाचं एवढंसं खोटं खपवून न घेतलेला हा माणूस फाटकाशी उभं राहून ते खोटं ऐकायचा आणि मान हलवायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "दादा, आत आहेत ते. चला, सरळ जाऊ." तर म्हणाले, "नको. नाही म्हणायचा हक्क आहे त्याला."

परवाच्या रविवारी मी पुन्हा त्यांच्यासोबत होतो. ऊन उतरलं होतं. या वेळी फाटकाशी गडी नव्हता. भाऊसाहेबांच्या बायको स्वतः बाहेर आल्या, हातात ट्रे. ओशाळल्यासारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "हे घरी नाईत, भाऊजी. चहा घेऊन जा म्हनले."

साडूंनी कप घेतला. आम्ही दोघं तिथंच पायरीवर टेकलो. माझा चहा चांगला गोडमिट्ट होता. साडूंनी एक घोट घेतला आणि थबकले. गेल्या महिन्यात त्यांना मधुमेह निघाला होता. आम्ही अजून कुणाला सांगितलं नव्हतं. अकोल्यात अशा बातम्या कशा पोचतात देव जाणे, पण बातमी काढणारा माणूस लागतो.

"बिनसाखरेचा आहे," साडू मला हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. आतून खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. साडूंनी तो चहा घोटघोट घेत, जितका लांबवता येईल तितका लांबवून संपवला. मग फाटकाशेजारच्या नळावर कप स्वतः विसळून पायरीवर ठेवला आणि खिडकीकडे बघून, आतल्याला ऐकू जाईल अशा आवाजात वहिनींना म्हणाले, "तो आला की सांगा, पुढच्या रविवारी येतो."

"सांगते," त्या म्हणाल्या.